आयत्या वेळचा विषय

लालबागमधल्या एका चाळीच्या चौथ्या मजल्यावर जहाजबांधणी कामगार सभेचं कार्यालय होतं. कार्यालय म्हणायचं आपलं मानाने. खोल्या दोन, एक टेबल, चार बाकं, आणि बाहेरच्या खोलीच्या लाकडी छतात एक चौकोनी झाकण, ज्यातून शिडीने पोटमाळ्यावर जाता येई. पाचवं बाक, सगळ्यात मागचं, शामरावांनी पूर्वी कधीतरी त्या पोटमाळ्यावर टाकून दिलं होतं. का, ते आता त्यांना आठवत नव्हतं. गोदी बंद होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. सभासदांपैकी बरेचसे देवाघरी गेले होते आणि उरलेले कोकणात. तरी सरचिटणीस शामराव धुरी प्रभादेवीहून रोज साडेनऊच्या ठोक्याला येत, कुलूप उघडत, उदबत्ती लावत, आणि कोणी यायचं नाही हे पक्कं ठाऊक असूनही चारही बाकं ओल्या फडक्याने पुसून काढत. सून श्रेया म्हणे, बाबांची ड्यूटी काही संपत नाही. शामराव नुसते हसत. सुनेला वाटत होतं त्याहून ते जास्त खरं होतं.

आता चाळच पुनर्विकासाला गेली होती. बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पांगली होती, मागच्या बाजूला दोनचार कुटुंबं उरली होती, आणि त्यांच्यासाठी दुपारी चारला नळाला पाणी येई तेव्हा कौलांखालून गेलेला जुना लोखंडी पाइप हादरून खडखड वाजे. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी जागा सोडायची, दप्तर एका ग्रंथालयाला द्यायचं, आणि त्याआधी सभेचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास छापून घ्यायचा, असं ठरलं होतं. ठरवायला शामराव एकटेच असल्यामुळे ठराव एकमताने संमत झाला होता.

जुन्या वह्यांतला मजकूर टाइप करायला प्राची तांबे यायची. परळच्या एका शाळेच्या कार्यालयात ती नोकरीला होती; शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी एकला लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून हजर. ती आपणहून आली होती. "मला बाबांचं नाव कुठे येतंय का बघायचंय, काका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "आई हॉस्पिटलमध्ये आहे. डॉक्टर आता घरी न्या म्हणतायत, म्हणजे तुम्हाला कळलंच. तिला बाकी काही नको. एवढंच कळायचंय, की तो तिला टाकून गेला होता की नाही."

शामराव म्हणाले, "बघ हो, बाळा. बघ." नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नव्हतं, आणि नाही म्हटलं असतं तर तेच कारण झालं असतं.

आनंदा तांबे, बिल्ला नंबर अकराशे सत्तेचाळीस, चाळीस वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी गोदीतून सुटला आणि घरी पोचलाच नाही. फाटकावरच्या पेटीत त्याचा बिल्ला पडला होता, म्हणजे तो बाहेर गेला होता. कंपनीने हात झटकले, पोलिसांनी कागद केला. डिलाइल रोडच्या चाळीत लोकांनी त्याला सुरतेला धाडलं, तिथे एक बाई दिली, पुढे दोन मुलंही दिली. त्याची बायको बकुळा कोणाशी भांडली नाही. रेशनकार्डावरून त्याचं नाव मात्र तिने कधी कापू दिलं नाही. रेशनवाला दरवेळी विचारायचा, आणि ती दरवेळी म्हणायची, आहे तो.

आनंदाचं काय झालं ते जगात एकट्या शामरावांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, आणि सभेच्या इतिहासात ते येऊ नये एवढीच आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांची देवाकडे मागणी होती.

शिडीशेजारी भिंतीवर एक लाकडी पाटी होती, साठ खिळ्यांची. गोदी बंद झाली तेव्हा शेवटच्या जहाजावरून शामरावांनी ती मागून आणली होती. पोटमाळ्यावर चढण्याआधी ते खिशातून आपला पितळी बिल्ला काढून तिच्यावरच्या एका खिळ्याला अडकवत आणि खाली आले की परत खिशात टाकत. प्राचीने हे दोनतीनदा पाहिलं आणि तिला हसू आलं.

"काका, वर काय जहाज आहे का?"

"सवय गं," शामराव म्हणाले. "जहाजाच्या पोटात टाक्या असतात. आत उतरायला एवढंसं भोक. उतरताना बिल्ला पाटीला लावायचा, वर आलं की काढायचा. पाटीवर एक जरी बिल्ला दिसला तरी झाकणाला हात लावायचा नाही. सगळे निघाले की भोकाच्या तोंडावरचा माणूस ओरडणार, पाटी मोकळी! मग झाकण, मग बोल्ट."

"आणि कोणी लावायला विसरला तर?"

"कोणी विसरत नाही. जीव असतो त्यात."

प्राचीला ते आवडलं. त्यानंतर शामराव वह्या घेऊन खाली आले, बिल्ला खिशात गेला, की ती पाटीकडे बघून मोठ्याने "पाटी मोकळी!" म्हणायची आणि कोपऱ्यातल्या काठीने ते छतातलं झाकण स्वतःच ढकलून कडी सरकवायची. शामराव हसल्यासारखं करायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं झालं होतं. त्या दोन शब्दांनी त्यांच्या पाठीतून कळ जाई आणि ती पोरगी मात्र खेळ खेळल्यासारखी हात झटकून पुन्हा टायपिंगला बसे.

कारण गोदीत त्या नियमाखाली एक रीत होती आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती. सुटीचा भोंगा झाला की फाटकावर मोठी रांग लागे आणि बिल्ला पेटीत टाकल्याशिवाय कोणाला सोडत नसत. म्हणून दोघा दोस्तांपैकी जो आधी वर येई तो पाटीवरून दोघांचेही बिल्ले काढून घेई आणि धावत जाऊन रांगेत जागा धरी. मागचा मागाहून येऊन त्याला गाठी. सापडलं तर दोघांची नोकरी जायची, आणि तरी सगळे करायचे, दोस्तीत एवढंही नाही करायचं तर काय करायचं.

त्या शनिवारी आनंदाच्या पोरीचा पहिला वाढदिवस होता. केक बेकरीत सांगून ठेवला होता आणि बेकरी दोनला बंद व्हायची. टाकीतून दोघे वर येत होते, शामराव पुढे, आनंदा मागे, आणि अर्ध्या शिडीवर आनंदा म्हणाला, "शाम्या, घड्याळ खाली राहिलं माझं. तू हो पुढे, जागा धर." शामराव पुढे झाले. पाटीवर दोनच बिल्ले उरले होते, ते दोन्ही त्यांनी काढले. रांग त्या दिवशी नेमकी भराभर सरकली, मागचे ढकलायला लागले, आणि शामरावांनी दोन्ही बिल्ले पेटीत टाकले. तिकडे तोंडावरच्या माणसाने पाटी बघितली. ती मोकळी होती. सोमवारी जहाज बाहेर काढायचं होतं म्हणून वजनासाठी टाकीत पाणी त्याच दुपारी भरलं, आणि जहाज परदेशी मालकाचं, ते गेलं ते गेलंच.

तर ही अशी हकीकत. ती दडपायला शामरावांना काही करावंही लागलं नव्हतं, नुसतं गप्प बसावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी ते सरचिटणीस झाले आणि जीव ओतून काम केलं. टाकीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आत दिवा, तोंडावर दोन माणसं, हे सगळं त्यांनी कंपनीशी भांडून मिळवलं. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. ते म्हणणं त्यांनी कधी नाकारलं नाही.

दप्तरातल्या इतिवृत्ताच्या वह्या शहाऐंशी सालापासून त्यांच्याच अक्षरात होत्या. गोदीतली माणसं एकमेकांना नंबराने ओळखत, म्हणून सभेची हजेरीही नंबरांनीच लिहायची पद्धत पडली होती. प्राची त्या टाइप करत दहा दिवस निमूट बसली, आणि अकराव्या दिवशी तिने लॅपटॉप मिटला.

"काका, अकराशे सत्तेचाळीस म्हणजे बाबाच ना?"

शामराव वर्तमानपत्र चाळत होते. ते म्हणाले, "हो. का गं?"

"हे बघा."

तिने वही त्यांच्यापुढे धरली. एप्रिल शहाऐंशीची वार्षिक सभा, उपस्थित सभासद एक्केचाळीस, आणि नंबरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ११४७. शामरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. अक्षर त्यांचं होतं. सातच्या शेपटीला त्यांना जी खालून एक गाठ मारायची सवय होती ती गाठसुद्धा होती.

"सत्त्याऐंशीला पण आहे," प्राची म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. मी सगळ्या बघितल्या. दर वर्षीच्या सभेला आहे, आणि नेहमी शेवटी."

"नंबर दुसऱ्या कोणाला दिला असेल नंतर."

"नाही दिला. तुमचाच ठराव आहे पहिल्या वर्षीचा. हा नंबर पुन्हा कोणाला देऊ नये."

शामरावांना तो ठराव आठवत होता. ही हजेरी आठवत नव्हती. चाळीस वर्षांत त्यांनी हा नंबर मनात हजारदा उच्चारला असेल, पण कागदावर, सभेच्या हजेरीत, आणि तोही सगळ्यांसमोर!

प्राची मात्र वेगळ्याच कारणाने हादरली होती. "म्हणजे ते होते, काका. मुंबईतच होते. दर वर्षी इथे येऊन बसायचे. इथून आमचं घर चालत वीस मिनिटांवर. आई शिवणकाम करून डोळे घालवत होती, आणि ते इथे बाकावर बसून सभा ऐकून जायचे?"

तिने पान उलटलं. "आणि हे काय आहे?"

सभेच्या शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत, त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'क्र. ११४७ यांनी सरचिटणीसांना प्रश्न विचारला. सरचिटणीसांनी उत्तर दिले नाही. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.' पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आणि प्रत्येक इतिवृत्ताच्या डोक्यावर नेहमीप्रमाणे, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' म्हणजे दर वर्षी शामरावांनी ते उभं राहून मोठ्याने वाचलं होतं आणि चाळीस-पन्नास माणसांनी ऐकून हात वर केले होते.

"काय विचारायचे ते?" प्राचीने विचारलं.

"आठवत नाही," शामराव म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं.

ती गेल्यावर त्यांनी कणकवलीला धोंडूला फोन लावला. धोंडू गोदीत त्यांच्याच टोळीत होता, पंच्याहत्तरीचा, कानाने अजून तिखट. इकडचं तिकडचं झालं, आंब्याच्या मोहोराचं झालं, आणि मग शामरावांनी सहज काढावं तसं काढलं, की अरे, आपल्या वार्षिक सभेत शेवटी एक प्रश्न असायचा, तुला काही आठवतं का?

"अकराशे सत्तेचाळीसचो?" धोंडू लगेच म्हणाला. "दर वर्साक असायचो मां तो. तूच वाचून दाखवी होतंस."

"विचारायचं कोण, धोंडू?"

"मागच्या बाकावरसून कोणतरी उठायचो," धोंडू म्हणाला. "आमी काय कधी मागे वळान बघूक नाय. कित्या बघतलंव? आमका वाटायचा, आज ना उद्या तू उत्तर देशीत. मगे तूच ता बाक वर नेऊन टाकलंस."

शामरावांनी फोन ठेवला. आजवर त्यांना वाटत आलं होतं की हे आपल्या एकट्याचं आहे. माणसं मागे वळून बघत नव्हती, पण बसत होती, ऐकत होती, हात वर करत होती. आणि आपण? आपण त्यांच्याकडे तोंड करून उभे असायचो. आपल्याला तर दिसलं असलं पाहिजे.

त्या दिवसापासून ते पोटमाळ्यावर जायचं टाळू लागले. प्राचीला म्हणाले, आता पुरे, शहाण्णवपर्यंतचं झालंय तेवढं बस. पण शेवटच्या दोन वह्या वरच होत्या आणि पंधरा दिवसांनी ग्रंथालयाची माणसं बिल्डरकडून चावी घेऊन सगळं दप्तर नेणार होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळायला शामरावांना कोणी शिकवायला नको होतं. कोणीतरी त्या वह्या उघडणार, वाचणार, आणि तो प्रश्न काय होता ते कुठल्यातरी पानावर लिहिलेलं निघणार. शुक्रवारी त्यांनी मनाशी ठरवलं. शनिवारी दुपारी वर जायचं, ती पानं फाडून पिशवीत भरायची आणि संध्याकाळच्या गाडीने धोंडूकडे निघून जायचं. घाटातून जाताना एखाद्या नदीत पिशवी सोडली की झालं. मुलाला, सुशांतला, त्यांनी सांगितलं, पंधरा दिवस तरी येत नाही, तिकडे रेंज नसते, फोन करत बसू नका.

शनिवारी प्राची एकला आली ती बसलीच नाही. रात्रभर जागी असावी. ती टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "काका, आईला आज सकाळी शुद्ध आलीय. विचारत होती. मी हजेरीचं अजून काही बोलले नाही, कारण मला ते खोटं वाटतंय. तुम्ही लिहिलंय म्हणून विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर मी तेच मानीन." तिने श्वास घेतला. "ते खरंच यायचे?"

शामरावांनी तिच्याकडे पाहिलं. कपाळ आनंदाचं होतं, विचारताना मान किंचित डावीकडे झुकवायची लकबही त्याचीच. नाही, एवढं एक म्हणायचं होतं. नाही गं बाळा, तो केक आणायला निघाला होता, तो तुम्हाला टाकून कुठेच गेला नाही. दोन वाक्यं. मग त्याच्यामागून तिसरं यायला हवं होतं आणि तिसरं वाक्य शामरावांच्याबद्दल होतं. शिवाय तिसऱ्याच्या पाठीमागे चौथं होतं, जे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. फाटकाबाहेर अर्धा तास वाट बघून, डबा राहिला असं सांगून ते त्या दुपारी परत आत गेले होते. जहाजाच्या कुशीशी उभे राहिले होते. टाकीत पाणी भरत होतं आणि लोखंडाच्या आतून कोणीतरी ठोकत होतं. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. पंपावरचा माणूस म्हणाला होता, "काय वाजतंय रे?" आणि अठ्ठावीस वर्षांच्या, नोकरी जाईल म्हणून घाबरलेल्या, दोन बिल्ले पेटीत टाकून आलेल्या शामरावांनी उत्तर दिलं होतं, "पाणी आलंय. पाइप वाजतोय."

"हो," शामराव प्राचीला म्हणाले. "यायचा."

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझलं. ती रडली नाही. पर्स उचलत म्हणाली, "बरं झालं विचारलं. सांगते आईला. आता तरी रेशनकार्डावरचं नाव काढ म्हणावं." दारात ती वळली. "मी चारला येते, बिल्डरचा माणूस चावी घ्यायला येणार आहे. तुम्ही तोवर निघाल ना?"

"निघेन," शामराव म्हणाले.

तिची पावलं जिन्यावरून उतरून गेली तरी ते तसेच बसून होते. आपण काय केलं ते त्यांना नीट कळत होतं. बकुळाबाईंनी चाळीस वर्षं उरी धरलेला माणूस आपण दोन अक्षरांनी काढून घेतला, आणि तोही त्यांच्या शेवटच्या दुपारी. लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती; भीतीने ते उठले.

साडेतीनला त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं, शिडी लावली, खिशातला बिल्ला काढून पाटीवरच्या खिळ्याला अडकवला. पितळेचा लाकडावर टक्क असा आवाज झाला. तो आवाज त्यांनी ऐकला, हे त्यांना नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं होतं. मग पिशवी खांद्याला अडकवून ते वर चढले.

कौलांतल्या दोन काचांतून येणाऱ्या उजेडात पोटमाळा जेमतेम दिसत होता. सगळीकडे बोटभर धूळ होती. गठ्ठ्यांवर, पत्र्याच्या पेटीवर, मोडक्या पंख्यावर. मागच्या भिंतीशी ते पाचवं बाक होतं, आणि त्याच्यावर धूळ नव्हती. चार बाकं आपण रोज पुसतो, हे कोण पुसतं, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाईघाईने मागे ढकलला. बाकाकडे पाठ करून ते पेटीसमोर बसले. पहिल्या वहीतली पानं त्यांनी न वाचता टराटरा फाडली. दुसरी, शेवटची वही, गोदी बंद झाली त्या वर्षीची. तिच्यात चार सभा आणि पुढे कोरी पानं असायला हवी होती.

पाचव्या सभेचं इतिवृत्त होतं. आजची तारीख होती. स्थळ, पोटमाळा. वेळ, दुपारी साडेतीन. उपस्थित सभासद दोन: ११३८, ११४७. पहिला नंबर त्यांचा स्वतःचा होता. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. आयत्या वेळचा विषय: 'क्र. ११४७ यांनी विचारले, पाटी कोणी मोकळी केली?' आणि त्याच्या खाली, त्याच गाठीच्या अक्षरात, 'सरचिटणीस म्हणाले,' एवढंच लिहून पुढची ओळ मोकळी सोडलेली होती.

शाई ओली नव्हती. जुनी, फिकट, तपकिरी पडलेली होती.

शामराव इतके घाबरले की उठणं त्यांना सुचलंच नाही. शर्टाच्या खिशातलं पेन कधी हातात आलं कळलं नाही. मागे बाक किरकिरलं, बसलेला माणूस उभा राहताना किरकिरतं तसं, आणि कोणीतरी बोलण्याआधी घसा साफ करावा तसा बारीक आवाज झाला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. समोर मोकळी ओळ होती. दोन शब्द पुरले असते. मी केली. हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं, फोन खिशात होता, बकुळाबाई अजून शुद्धीवर असतील. हे सगळं त्यांना एका क्षणात लख्ख दिसलं. आणि हात मात्र चाळीस वर्षांच्या वळणाने आपोआप चालला. त्यांनी लिहिलं, 'विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.'

मागचा आवाज थांबला. खाली दार वाजलं.

"दार उघडंच आहे," प्राचीचा आवाज आला. रडून बसलेला आवाज. "काका गेलेले दिसतायत. या तुम्ही."

"वर कोणी आहे का, मॅडम? शिडी लावलेली आहे," एक पुरुषी आवाज म्हणाला.

शामरावांनी तोंड उघडलं. प्राची म्हणायचं होतं. घशातून वारासुद्धा आला नाही. खिशातला फोन चाचपायला हात नेला तो पेनासकट तसाच वहीवर राहिला, कोणी वरून धरून ठेवावा तसा. हरकत नाही, त्यांनी स्वतःला समजावलं, बिल्ला आहे. बिल्ला खाली पाटीवर आहे, मी स्वतः लावलाय, तिला नियम माहीत आहे.

खाली तिची पावलं शिडीजवळ येऊन थांबली. ती पाटीकडे बघत असावी.

"नाही, कोणी नाही," प्राची म्हणाली. आज ती खेळल्यासारखं ओरडली नाही, नुसतं सांगितलं. "पाटी मोकळी आहे."

शिडी सरकल्याचा आवाज झाला. झाकण खालून काठीने ढकललं गेलं, चौकोनी उजेड निमूट मिटला आणि कडी बसली. अंधारात शामरावांचा उजवा हात जागचा हलेना, म्हणून त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि फळीवर ठोकलं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा.

"काय वाजतंय हो वर?" तो माणूस म्हणाला.

चार वाजले होते. प्राची बहुतेक पर्स उचलत होती.

"पाणी आलं असेल," ती म्हणाली. "पाइप वाजतोय."